उशिरा वाजलेला भोंगा

आमच्या सापगावात मला मशीनवाली ताई म्हणतात. कोणाचा मिक्सर बंद पडला, पंप पाणी उचलेना, टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या की लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मला यातलं काहीही दुरुस्त करता येत नाही, हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. त्यांना वाटतं, बाई मोठ्या नोकरीत होती, आता हात काळे करायला नको म्हणते. शेजारची वहिनी तर एकदा तोंडावरच म्हणाली, "एवढी वरसं काम्प्युटरात काढलीस नि साधा मिक्सर खोलता येत नाय गो तुला?" नाही येत. आधी मी काय करत होते ते सांगते.

कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पडदा येतो. पण पडद्यावरच्या सगळ्या चित्रांच्या तळाशी ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि तिचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. पाण्याची पातळी मोजणारी चिप असो, बाटल्या मोजणारा डोळा असो, हार्डवेअरचा प्रत्येक तुकडा फक्त या गाभ्याशी बोलतो. त्या दोघांची भाषा एक नसते, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. हा दुभाष्या म्हणजे एक प्रोग्रामच असतो आणि त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी असे ड्रायव्हर लिहिले. सुरुवातीची वर्षं मुंबईत, आणि मग रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून वाशिंदच्या एका छोट्या कंपनीत, निवृत्त होईपर्यंत. आम्ही कारखान्यांसाठी आणि सरकारी कामांसाठी मोजमापाच्या पेट्या बनवायचो. कंपनीत माणसं मोजकी, त्यामुळे पेटीच्या पोटातला प्रोग्राम लिहायचा मी आणि ती बिघडली की बोलणी खायचीही मी.

नुसती भाषा सांभाळायची असती तर हे काम कोणीही केलं असतं. खरी कटकट वेळेची असते. हार्डवेअर तुमच्यासाठी थांबत नाही. तुमचा प्रोग्राम एक ओळ वाचून दुसरीकडे वळतो, त्या सेकंदाच्या लाखाव्या भागात तिकडे काहीतरी बदलून गेलेलं असतं. भिंतीवरच्या घड्याळाचंच घ्या. नऊ वाजून एकोणसाठ मिनिटं झालेली आहेत. तुम्ही आधी तासाचा आकडा वाचलात, नऊ. मग मिनिटांकडे बघेपर्यंत घड्याळ पुढे सरकलं, मिनिटं दिसली शून्य. तुम्ही घरात सांगितलंत, नऊ वाजले. घड्याळ बरोबर, तुमचे डोळे बरोबर, वाचलेले दोन्ही आकडे बरोबर, आणि तरी तासाची चूक. असं दोघं आपापल्या वेगाने चाललेले असताना कोण आधी पोचतो यावर खरंखोटं ठरायला लागलं, की आमच्या धंद्यात त्याला रेस कंडिशन म्हणतात. ती होऊ न देणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं.

आटगावच्या बाजूला एका शेटचा औषधाच्या बाटल्या भरायचा कारखाना होता. त्यांना आमची मोजणीची पेटी दिली होती आणि ती महिन्यातून एकदा शंभरेक बाटल्यांची चूक करायची. मी जायचे, माझा लॅपटॉप जोडून बसायचे. दिवसभर पेटी एकही आकडा चुकायची नाही. मी वाशिंदला परत पोचते न पोचते तोच शेटचा फोन, "मॅडम, परत चालू झाली बघा तिची नाटकं." असं चारदा झालं. पाचव्या वेळी शेटने माझ्यासाठी खुर्ची आणि पंखा लावून ठेवला होता. म्हणाले, "तुमी आलात का ती शानी होते. आता तुमी हितंच ऱ्हावा." नंतर त्यांनी माझ्याकडून पासपोर्ट साइजचा फोटो मागून घेतला आणि तो पेटीवर चिकटवला. कामगार जाता येता फोटोला नमस्कार करायचे. मला राग यायला हवा होता, पण मी आतून खूश होते.

कारण काय होतं, तर मी लॅपटॉप जोडला की पेटी तिच्या प्रत्येक हालचालीची बातमी मला पाठवत बसायची. त्या लिहिण्यात तिचा वेग मंदावायचा आणि चूक होण्याची ती नेमकी घडी टळायची. मी बघत होते म्हणून ती चुकत नव्हती. अखेर एक दिवस मी लॅपटॉप घरी ठेवून गेले, नुसता प्रोग्राम छापून घेतला आणि पंख्याखाली बसून ओळ न् ओळ वाचली. तोच घड्याळाचा प्रकार निघाला. आधी वरचे आकडे वाचायचे, मग खालचे, आणि मध्येच एक बाटली सरकून जायची. उपायही सोपा होता. खालचे आकडे वाचून झाले की वरचे पुन्हा एकदा बघायचे, आणि बदललेले दिसले तर सगळं नव्याने वाचायचं. शेटने पेढे वाटले, फोटो मात्र काढला नाही.

हा किस्सा मी नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना किती वेळा सांगितला असेल याला गणती नाही. बघितल्यावर पुन्हा बघा, असं त्यांच्या डोक्यावर हातोडीसारखं मारलं. आणि मीच ते विसरले, म्हणून पुढचं लिहिण्याची वेळ आली.

मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाडीत जायचं तर नदीवरच्या फरशीवरून जावं लागतं. फरशी म्हणजे पूल नव्हे. नदीच्या पात्रातच टाकलेला काँक्रीटचा बुटका रस्ता, पावसात त्याच्यावरून पाणी जातं. इथली नदी फसवी आहे. वाडीवर ऊन पडलेलं असतं, वर डोंगरात मात्र ढग मोकळा होतो आणि लोंढा एकदम खाली येतो. अशा एका लोंढ्यात एक जण गेला होता, म्हणून सरकारी योजनेतून तिथे इशारा देणारी पेटी बसवायचं ठरलं आणि ते काम आमच्या कंपनीला मिळालं.

व्यवस्था साधी होती. फरशीच्या थोडं वर, पलीकडच्या काठावर एक खांब, त्यावर पाण्याची पातळी मोजणारी चिप. अलीकडे वाडीच्या चढावर एक पत्र्याची चौकी, तिच्यात आमची पेटी, वर सोलरचा पत्रा आणि एक मोठा भोंगा. पातळी बदलली की चिप पेटीला खबर द्यायची, पेटी आकडा दाखवायची आणि आकडा ठरलेल्या खुणेवर गेला की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की राखणदाराने पळत खाली जाऊन फरशीच्या दोन्ही तोंडांना साखळी लावायची. चौकीतून फरशी दिसत नव्हती, मध्ये नदीचं वळण होतं. म्हणून सगळी भिस्त त्या आकड्यावर आणि भोंग्यावर.

राखणदार म्हणून वाडीतलेच गोमादादा नेमले गेले. पन्नाशीच्या आसपासचे, अंगाने काटक, बोलणं कमी. त्यांना खाकी शर्ट, रेनकोट आणि शिट्टी मिळाली. मी पेटी चालू करायला गेले त्या दिवशी त्यांनी शर्ट इस्त्री करून घातला होता, आणि इस्त्रीसाठी तो खालच्या गावात नेऊन आणला होता. आमच्या तंत्रज्ञाने त्यांना आकडे दाखवले, साखळी कशी लावायची ते दाखवलं आणि जाता जाता सगळे सांगतात तेच सांगितलं, "काय अडलंबिडलं तर बटण बंद करायचं, दहा मोजायचे आणि चालू करायचं." गोमादादांनी दहा मोजून दाखवले.

दोन पावसाळे पेटी नीट चालली. तिसऱ्या पावसाळ्यात वाडीच्या शाळेचे गुरुजी वाहून गेले.

शिक्षकांची केंद्रावरची मीटिंग आटपून ते मोटारसायकलवरून अकराच्या सुमाराला शाळेकडे येत होते. वाडीवर पाऊस थांबलेला होता. फरशीवर घोट्याएवढं पाणी, साखळी नाही, भोंगा नाही, म्हणून त्यांनी गाडी घातली. मध्यावर असताना लोंढा आला. गाडी गेली, गुरुजी खालच्या अंगाला करंजाच्या झाडात अडकले. लोकांनी दोर टाकून त्यांना काढलं. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला होता. भोंगा वाजला तेव्हा गुरुजी त्या झाडाला मिठी मारून होते.

चौकशी मुरबाडला झाली. चौकशीचे साहेब, त्यांचे कारकून, कंपनीतर्फे मी आणि समोर उभे गोमादादा. पेटी स्वतःची नोंदवही ठेवते, ती मी छापून नेली होती. तिच्यात शेवटचा आकडा दहा चाळीसचा. त्यानंतर काही नाही. मग अकरा पंचवीसला नोंद, पेटी चालू झाली, आणि लगेच भोंगा वाजल्याची नोंद. म्हणजे मधली पंचेचाळीस मिनिटं पेटी बंद होती. मी तसं सांगितलं.

साहेबांनी गोमादादांना विचारलं, "पेटीचं बटण बंद केलं होतंस?"

"व्हय, केलं. पन साहेब, आकडा..."

"केलं की नाही तेवढं सांग."

"केलं."

कारकुनाने लिहून घेतलं. भोंग्याच्या आवाजाने पोरं दचकतात अशी तक्रार वाडीतून आधी आलेली होती, त्यामुळे राखणदाराने पेटी बंद ठेवली आणि पाणी वाढल्यावर घाबरून चालू केली, हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी माझ्या अक्षरात अहवाल लिहिला, उपकरणात दोष आढळला नाही, आणि खाली सही केली. गोमादादा दारातून बाहेर जाताना पायपुसण्यापाशी थांबले, वळून माझ्याकडे बघितलं आणि गेले. मला वाटलं, ओशाळले असतील.

त्यांचं काम गेलं. दुसऱ्या वाडीतला एक जण नेमला गेला. गोमादादांनी शर्ट, रेनकोट, शिट्टी सगळं धुऊन पुसून जमा केलं. वाडीत लोक म्हणायला लागले की गोमा झोपला होता, कोणी म्हणे प्यायला होता. गुरुजींवर वाडीचा जीव. ज्यांची पोरं शाळेत होती त्यांनी गोमादादांच्या घरी जाणंयेणं सोडलं. आवणीला एकमेकांच्या शेतात जायची तिथे रीत आहे, आज माझं शेत, उद्या तुझं. त्या वर्षी गोमादादांच्या खाचरात भात लावायला त्यांच्या घरची माणसं सोडून कोणी गेलं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी वाशिंदला दुसऱ्या पेट्यांच्या मागे होते आणि सुखाने झोपत होते.

पुढच्या आषाढात खांबावरची नळी साफ करायची होती. आमचा तंत्रज्ञ रजेवर, म्हणून मीच गेले. नवा राखणदार जेवायला गेलेला. खांब पलीकडच्या काठाला, फरशीवरून त्याच्यापर्यंत वाट नाही, आणि तिकडे जायचं तर फरशीच्या वरच्या अंगाला जिथे लोक पायी नदी ओलांडतात त्या उतारातून जायला हवं. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. मी नीट वर बघितलं, लांबपर्यंत पात्र मोकळं होतं. मग सँडल काढून पिशवीत घातल्या, पिशवीचा बंद आवळला, सलवार वर खोचली आणि निघाले.

"ताय, थांबा!"

काठाच्या खाचरातून गोमादादा येत होते. हातात भाताच्या रोपांची मूठ तशीच. वर्षभराने आम्ही समोरासमोर येत होतो आणि मला कुठे बघावं ते कळेना.

मी म्हटलं, "बघितलं मी वर. मोकळं आहे."

"कवा बगितलं?"

"आत्ताच की."

"मंग चपला काढल्या, पिशवीत भरल्या, कपडं वर घेतलं. तवर वरचं पानी कुठल्या कुठं येतंय." त्यांनी रोपं काठावर ठेवली. "आदी एक पाय पान्यात घालायचा. मंग वर बगायचं. मोकळं दिसलं तर दुसरा पाय. आमच्यात पोरांना पयलं हेच शिकवत्यात. पाय घातल्यावर बगायचं. घालायच्या आदी बगितलेलं धरायचं नाय."

"आधीही बघितलं तर?"

"बगा की. कोन नको म्हनतं? पन ते धरायचं नाय."

त्यांनी पुढे होऊन दाखवलं. एक पाय पाण्यात, अंगाचा भार अजून काठावर, मान वर वळवलेली. पाण्यातल्या पायाला पाण्याचा गारवा बदलला, वाळू टोचायला लागली तरी कळतं म्हणाले, ते डोळ्याआधी कळतं. मग दुसरा पाय. मी त्यांच्यामागे तसंच केलं. तिसऱ्या पावलाला मी पाण्यातच थबकून उभी राहिले. गोमादादांना वाटलं, मी पाण्याला भ्याले. त्यांनी हात पुढे केला.

मला माझ्या प्रोग्राममधल्या दोन ओळी दिसत होत्या.

पेटी सोलरवर चालायची आणि ढगाळ दिवसांत बॅटरी पुरायला हवी, म्हणून काम नसेल तेव्हा ड्रायव्हरने झोपायचं, असं मी ठरवलं होतं. नवा आकडा आला की चिप घंटी दिल्यासारखी खूण करते. कर्नल झोपलेल्यांच्या यादीत बघतो आणि ज्याचं नाव असेल त्याला उठवतो. माझा ड्रायव्हर आधी बघायचा, नवा आकडा आलाय का? नाही आला. बरं, मग यादीत नाव लिहून झोपू या. आता या बघण्याच्या आणि नाव लिहिण्याच्या मध्ये घंटी वाजली तर? कर्नल यादी बघतो, यादीत कोणी नाही, म्हणून तो कोणालाच उठवत नाही. मग माझा ड्रायव्हर शांतपणे नाव लिहितो आणि झोपतो. चिपची रीत अशी, की दिलेला आकडा कोणी उचलून नेत नाही तोवर ती दुसरी घंटी देत नाही. ती वाट बघत बसते, हा झोपून राहतो आणि नदी वाढत जाते.

करायला हवं होतं ते गोमादादांनी दाखवलं तेच. आधी यादीत नाव लिहायचं, मग बघायचं, आणि आकडा नसेल तरच डोळे मिटायचे. तसं केलं तर मधल्या वेळात घंटी वाजली तरी उठवणाऱ्याला नाव सापडतं. कर्नलमध्ये यासाठी तयार सोय आहे आणि ती मला चांगली माहीत होती. पण बॅटरीचा थेंब थेंब वाचवायच्या नादात मी माझं स्वतःचं गणित बसवलं होतं, आणि तेव्हा त्याचा मला अभिमानही वाटला होता. ठरावीक वेळाने आपोआप उठायची मुदतही झोपेला घातली नव्हती. ती मधली फट इतकी बारीक, की आम्ही ऑफिसात बादलीत पाणी ओतून आठवडाभर तपासलं तेव्हा एकदाही सापडली नाही. बादलीतलं पाणी सावकाश वाढायचं. लोंढा येतो तेव्हा मात्र आकडे भराभर बदलतात, घंट्यांवर घंट्या येतात आणि एखादी फटीत पडायची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या घडीसाठी पेटी बसवली, नेमकी त्याच घडीला तिने झोपावं, असं मी लिहून ठेवलं होतं.

पण ही झाली शक्यता. त्या दिवशी पेटी झोपली होती की बंद होती, हे नोंदवहीवरून कळत नव्हतं. बटण दाबलं की पेटीला काही लिहायला सवड मिळत नाही, ती मरते. त्यामुळे दहा चाळीसला बंद करून अकरा पंचवीसला चालू केली तरी नोंदवही तशीच दिसणार, आणि दहा चाळीसला झोपलेली पेटी अकरा पंचवीसला बंद करून चालू केली तरी तशीच दिसणार. मी वर्षभरापूर्वी त्यातली एकच गोष्ट वाचली होती.

त्या दिवशी गोमादादांनी माझ्याबरोबर नळी साफ केली, गाळ काढला, मला परत अलीकडे आणून सोडलं. जुन्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. आधी खात्री करू, मग बोलू, असं मी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

खात्री करायला वेळ लागला नाही. सोलरचा वीजपुरवठा सांभाळणारा एक वेगळा डबा असतो, तो पेटीने किती वीज घेतली याची आपली वेगळी नोंद ठेवतो. ती नोंद आमच्याकडेच पडून होती. त्या दिवशीच्या पंचेचाळीस मिनिटांत पेटीने वीज घेतलेली होती. फक्त अकरा पंचवीसच्या जरा आधी दहाएक सेकंदांचा खंड. गोमादादांनी शिकवल्याप्रमाणे दहा मोजले होते. तो कागद हातात घेतला आणि मला रडू आलं.

मालकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "चूक सापडली, बरं झालं. सगळ्या पेट्यांत नवा प्रोग्राम टाकून घ्या. जुनं कशाला उकरायचं? गुरुजी आता चालतायत की." नवा प्रोग्राम तर मी त्याच आठवड्यात टाकला. पण त्या अहवालावर सही माझी होती. मी दुसरा अहवाल लिहिला, त्यात दोष कुठे होता ते लिहिलं आणि आणखी एक गोष्ट लिहिली. त्या दिवशी गुरुजींच्या मागून आवणीच्या बायकांनी भरलेला एक टेम्पो येत होता. तो भोंगा ऐकून थांबला होता. राखणदाराने बटण बंद करून चालू केलं नसतं तर भोंगा वाजलाच नसता. अहवाल मी थेट चौकशीच्या साहेबांकडे दिला. मालक पुढे कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

भाद्रपदात वाडीच्या शाळेच्या पडवीत बैठक झाली. साहेब स्वतः आले. गुरुजी काठी टेकत आले आणि पुढे बसले. सगळी वाडी जमली होती. गोमादादा मागे खांबाला टेकून उभे होते. साहेबांनी मला बोलायला सांगितलं. कर्नल, ड्रायव्हर असले शब्द मी काढलेच नाहीत. सांगितलं, की चूक माझी होती. मी पेटीला पाय पाण्यात घालायच्या आधी वर बघायला शिकवलं होतं, घातल्यावर बघायला शिकवलं नव्हतं. पडवीत कुजबुज झाली. बायकांना सगळ्यात आधी कळलं. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मंग गोमाची काय चूक व्हती? उगा बदनाम केला त्याला." गुरुजी उठायला लागले. दोघांनी धरून त्यांना उभं केलं. ते खांबापर्यंत गेले आणि त्यांनी गोमादादांचे हात हातात घेतले.

साहेबांनी राखणदाराचं काम परत घ्यायला सांगितलं. गोमादादा नको म्हणाले. सध्या आहे तो माणूस बरा आहे, त्याच्याही घरात खाणारी तोंडं आहेत म्हणाले. मला वाटलं, झालं, संपलं. मनावरचं ओझं उतरलं असंही वाटलं. मी पिशवी उचलली तेव्हा ते पुढे आले.

"ताय, एक इचारू?"

"विचारा ना, दादा."

"आकडा बेचाळीसवर अडला व्हता. मी दोनदा बगितला. पान्याचा आवाज वाढलेला, नि आकडा हलत नाय. म्हनून बटन दाबलं. साहेबांना सांगाय लागलो, त्यांनी गप केलं. ते साहेब, त्यांचं सोडा. पन तुमी तितंच व्हत्या ना? माज्या म्होरं, खुर्चीवर."

"हो."

"तुमी पेटीला इचारलं. मला का नाय इचारलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पडवीतली माणसं थांबून माझ्याकडे बघत होती. मी "चुकलं माझं, दादा" एवढंच म्हणाले, आणि ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं, त्यांनाही.

उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. पेटी खोटं बोलणार नाही, असं मी धरून चालले होते. गोमादादा खरं बोलत असतील, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. एवढ्या माणसांसमोर ते माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून इथे लिहिलं. हे ज्या अंकात छापून येईल तो हातात पडला की मी वाडीवर जाणार आहे, आणि एवढ्या चार ओळी गोमादादांना वाचून दाखवणार आहे.